वर्गाबाहेरची तालीम

गेल्या डिसेंबरमधली गोष्ट. रविवारची सकाळ होती. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे वडील घरी आले. त्यांचे वेल्डिंगचे छोटे दुकान आहे. खिडक्यांच्या जाळ्या, गेट, जिन्याचे कठडे असे काम करतात. मुलगी आमच्या शाळेत होती तेव्हा निकालाच्या दिवशी यायचे, पण वर्गाच्या दारातच उभे राहायचे. त्या दिवशी मात्र आत येऊन बसले. खिशातून घडी घातलेला एक कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"मॅडम, ह्याच्यावर सही करू का नको, तेवढं सांगा."

मुलगी आता बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे श्रमसंस्कार शिबिर जवळच्याच एका खेड्यात भरणार होते. त्यासाठी पालकांचे संमतिपत्र हवे होते.

"पोरगी म्हणते, जायचंच. तिची आई म्हणते, कॉलेजात शिकायला घातलंय, खेड्यात जाऊन खड्डे खणायला नाही. नमाजाचं काय, खाण्यापिण्याचं काय, रात्री झोपायचं कुठं? आणि मोहल्ला तर तुम्हाला माहितीच आहे. सात दिवस पोरगी दिसली नाही, की चार माणसं विचारणार."

मी लगेच उत्तर दिले नाही. मला आठ वर्षांपूर्वीची एक दुपार आठवत होती. तेव्हा अशाच एका प्रश्नाला मी क्षणभरही न थांबता उत्तर दिले होते, आणि ते चुकले होते.

घाईने दिलेला सल्ला

तीही मुलगी आमच्याच शाळेतली. दहावीला वर्गात पहिली आली. पुढे पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना एक दिवस तिची आई मला भेटायला आली. कॉलेजने मुलीचे नाव युवा महोत्सवातल्या वादविवाद स्पर्धेसाठी दिले होते. तयारीसाठी तास संपल्यावर रोज दीड-दोन तास थांबावे लागणार होते. स्पर्धा दुसऱ्या गावी होती. आई म्हणाली, "मॅडम, तुमचं ती ऐकते. तुम्हीच समजवा तिला."

मी समजावले. शेवटचे वर्ष आहे, टक्केवारी महत्त्वाची, भाषणे काय आयुष्यभर करता येतील. मुलीने मान डोलावली. वादविवादासाठी निवडलेली मुलगी माझ्याशी एका शब्दाचाही वाद न घालता घरी गेली, आणि ते मला त्या वेळी चांगले लक्षण वाटले!

गुण तिला उत्तम पडले. त्यानंतर नोकरीसाठी तिने तीन ठिकाणी मुलाखती दिल्या. लेखी परीक्षेत निवड व्हायची, मुलाखतीत नाव गळायचे. तिसऱ्या खेपेनंतर ती मला बाजारात भेटली. म्हणाली, "मॅडम, उत्तरं सगळी येत होती. पण समोर चार अनोळखी माणसं बसलेली बघितली आणि आवाजच फुटेना. घरच्या माणसांशिवाय मी कधी कुणासमोर बोललेच नाही ना." तिने मला दोष दिला नाही. माझा सल्ला तिच्या लक्षातही नसावा. मी मात्र तो विसरलेले नाही.

एका स्पर्धेला गेली असती तर तिला नोकरी मिळालीच असती, असे मी म्हणत नाही. आयुष्याचे हिशेब इतके सरळ नसतात. पण तिला जे कमी पडले, ते शिकायची संधी तिच्या दारापर्यंत आली होती, आणि ते दार मी लावून घेतले होते.

एक शब्द, तीन अर्थ

मी उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवते. या दोन्ही भाषांत नांदणारा एक शब्द मला फार आवडतो. तो शब्द म्हणजे 'तालीम'. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत आले की तालीम म्हणजे आखाडा. आमच्या कोल्हापूर-सांगली-मिरजेकडे पेठेपेठेत तालमी आहेत. तिथे पैलवान रोज पहाटे घाम गाळतो, पडतो, उठतो, पुन्हा लढतो. तिसरा अर्थ नाटकवाल्यांचा. पडदा उघडण्याआधी नट महिनाभर करतात, तीही तालीमच.

आपण मुलांना कॉलेजात घालतो तेव्हा यातला पहिलाच अर्थ मनात धरतो. पुस्तक, तास, परीक्षा, निकाल. उरलेल्या दोन अर्थांना आपण 'नसते उद्योग' म्हणतो. आखाड्यात न उतरता कुस्तीचे पुस्तक पाठ केलेला पैलवान जसा, तशी आपली बरीच मुले पदवी घेऊन बाहेर पडतात.

बी.एड.ला असताना आम्हाला एक गोष्ट शिकवली होती. खेळ, वक्तृत्व, नाटक, समाजसेवा यांना पूर्वी 'अभ्यासेतर' उपक्रम म्हणत, म्हणजे अभ्यासाच्या बाहेरचे. पुढे विचार बदलला आणि शब्दही बदलला. आता त्यांना 'अभ्यासपूरक' म्हणतात. उर्दूतही तसेच झाले. 'गैरनिसाबी'च्या जागी 'हमनिसाबी' हा शब्द आला, म्हणजे अभ्यासक्रमाच्या सोबत चालणारे. पुस्तकांतला शब्द बदलला, आपल्या घरांतला अजून बदललेला नाही.

माझा 'ळ' आणि भित्तिपत्रक

माझे स्वतःचे शिक्षण दहावीपर्यंत उर्दू माध्यमातून झाले. कॉलेजात गेले तेव्हा मराठी समजत होते, बोलताना मात्र जीभ अडखळायची. 'शाळा' म्हणायला गेले की 'शाला' व्हायचे. बाकावरच्या मुली हसायच्या. त्यात दुष्टपणा नव्हता, पण मला ते लागायचे. पहिले सहा महिने मी वर्गात तोंड उघडले नाही. तास संपला की सरळ घर.

आमच्या कॉलेजात वाङ्मय मंडळाचे भित्तिपत्रक होते. ग्रंथालयाच्या दारापाशी काचेची पेटी होती. तिच्यात महिन्या-दोन महिन्यांनी मुलांचे हस्तलिखित लेख लागायचे. मराठीच्या प्राध्यापकांनी एकदा मला विचारले, "तू का लिहीत नाहीस?" मी म्हटले, "सर, माझं मराठी चुकतं." ते म्हणाले, "म्हणून तर लिही."

मी आमच्या मोहल्ल्यातल्या सार्वजनिक नळावर एक पान लिहिले. पाणी पहाटे साडेचारला यायचे. रमजानमध्ये सहेरीची गडबड आणि नळावरची रांग एकाच वेळी असायची. घागरींचे आवाज, बायकांची भांडणे आणि त्यांचे समेट असे काहीबाही त्यात होते. वर्गातली एक मुलगी ते शुद्ध करायला माझ्यासोबत बसली. तिने माझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. दुपारच्या सुट्टीत समोर बसवून 'ळ' म्हणायला शिकवले. मी तिला उर्दूत तिचे नाव लिहायला शिकवले. तिच्या डब्यातली भाकरी आणि माझ्या डब्यातला खिमा यांचा प्रश्नही आम्हीच सोडवला. ती शाकाहारी होती, म्हणून मंगळवारी आणि गुरुवारी मी बटाट्याची भाजी आणू लागले. आज पंचवीस वर्षे झाली. ईदला तिचा फोन येतो, दिवाळीला माझा जातो.

अब्बा फी भरायला कॉलेजात आले होते, तेव्हा त्या पेटीसमोर थांबून त्यांनी माझे पान वाचले. त्यांचे मराठी चौथीपर्यंतचे. बोट काचेवर फिरवत, एकेक अक्षर लावत वाचत होते. मी लांबून बघत होते. घरी आल्यावर त्यांनी कौतुकाचा शब्द काढला नाही. पण त्या दिवसापासून "उशीर का झाला?" हा प्रश्न मात्र बंद झाला.

मी मराठीची शिक्षिका झाले, त्याची सुरुवात त्या काचेच्या पेटीत आहे. आणि तरीही त्या दुसऱ्या मुलीला मी 'भाषणे नंतर कर' असे सांगितले. शिक्षकी पेशात निकालाचे आकडे डोक्यात इतके बसतात, की माणूस स्वतःचीच गोष्ट विसरतो.

हे आपल्याकडे नवे नाही

काही पालकांना वाटते की हे सगळे आजकालचे फॅड आहे. जुनी माणसे काय करत होती, ते जरा पाहू.

सर सय्यद अहमद खान १८६९ मध्ये इंग्लंडला गेले. त्यांचा मुलगा सय्यद महमूद केंब्रिजमध्ये शिकत होता. तिथे त्यांनी वर्ग पाहिले, पण त्याहून जास्त लक्ष देऊन विद्यार्थ्यांचे राहणे पाहिले. एकत्र राहणे, एकत्र जेवणे, मैदानावर खेळणे आणि सभागृहात वाद घालणे. १८७५ मध्ये अलीगढला शाळा सुरू झाली, १८७७ मध्ये मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजची पायाभरणी झाली, तेव्हा तिथे वसतिगृहाला वर्गाइतकेच महत्त्व होते. १८८४ मध्ये विद्यार्थ्यांचा सिडन्स युनियन क्लब निघाला. पहिल्या प्राचार्यांच्या नावाचा हा क्लब म्हणजे वादविवादाचा आखाडाच होता. पुढे विद्यार्थ्यांनी ड्यूटी सोसायटी काढली. मुले गावोगाव जाऊन गरीब विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी वर्गणी गोळा करायची. घोडेस्वारी, क्रिकेट, हॉकी होतेच. १९२० मध्ये या कॉलेजचे विद्यापीठ झाले. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघातले जफर इक्बाल याच अलीगढच्या मैदानावर घडले.

त्याच १९२० साली अलीगढच्या तरुणांचा एक गट असहकाराच्या हाकेला साद देऊन बाहेर पडला आणि जामिया मिल्लिया इस्लामिया उभी राहिली. त्या तरुणांत झाकीर हुसेन होते. पुढे ते देशाचे राष्ट्रपती झाले. सभेत उभे राहून बोलणे, माणसे जोडणे, संस्था चालवणे यांचे पहिले धडे त्या पिढीने विद्यार्थिदशेतच घेतले होते.

अलीगढ लांब वाटत असेल, तर आपल्या कोल्हापूरकडे या. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करायला सुरुवात केली. १९०६ मध्ये मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी शिक्षण संस्था निघाली, तेव्हा तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले. दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंग आजही त्याची साक्ष देत उभे आहे.

शाहूंच्या विचारांचे बोट धरून कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सगळ्या जातिधर्मांची मुले तिथे एकत्र राहायची. दळण, स्वयंपाक, झाडलोट सगळे मुलांनीच करायचे. १९२७ मध्ये महात्मा गांधी साताऱ्याला आले, तेव्हा त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. १९४७ मध्ये साताऱ्याला निघालेले छत्रपती शिवाजी कॉलेज 'कमवा आणि शिका' या तत्त्वावरच उभे राहिले. हातात फावडे धरले म्हणून पदवी उणी होत नाही, हे कर्मवीरांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे.

आज विद्यापीठात काय काय असते

खूप पालकांना या गोष्टींची नावेच माहीत नसतात, म्हणून थोडे सविस्तर सांगते.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, देशातल्या ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास समाजकार्य करायचे असते, म्हणजे वर्षाला १२० तास. त्याशिवाय एक सात दिवसांचे निवासी शिबिर. रक्तदान, वृक्षारोपण, गावाचे सर्वेक्षण, बंधारा, शाळेची रंगरंगोटी अशी कामे असतात. बोधचिन्हात कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथाचे चाक आहे. ते सतत चालत राहण्याची खूण आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला, तेव्हा आमच्या शाळेत पूरग्रस्तांची सोय केली होती. अन्नाची पाकिटे भरणारी, म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून जिना चढवणारी कॉलेजची मुले मी त्या आठ दिवसांत पाहिली. कुणाला काय काम द्यावे, हे त्यांना सांगावे लागत नव्हते.

एन.सी.सी. म्हणजे राष्ट्रीय छात्रसेना. १९४८ च्या कायद्याने ती स्थापन झाली. कॉलेजातल्या छात्रांना 'बी' आणि 'सी' प्रमाणपत्राच्या परीक्षा देता येतात. ठराविक श्रेणीचे 'सी' प्रमाणपत्र आणि पदवीचे आवश्यक गुण असतील, तर सैन्याच्या एन.सी.सी. विशेष प्रवेश योजनेत लेखी परीक्षेशिवाय थेट निवड मंडळासमोर जाता येते. ही वाट मुलांना आणि मुलींना दोघांनाही खुली आहे.

युवा महोत्सव म्हणजे फक्त नाचगाणे, असा एक गैरसमज आहे. त्यात वक्तृत्व, वादविवाद, प्रश्नमंजूषा, चित्रकला, रांगोळी, मातीकाम, एकांकिका, मूकनाट्य, पथनाट्य असे किती तरी प्रकार असतात. शिवाजी विद्यापीठात आधी जिल्हा युवा महोत्सव होतो, मग मध्यवर्ती. तिथून पुढे विभागीय आणि राष्ट्रीय पातळीपर्यंत जाता येते. राज्यातल्या विद्यापीठांसाठी 'इंद्रधनुष्य' हा सांस्कृतिक महोत्सव आहे, खेळांसाठी 'अश्वमेध' आहे आणि संशोधनाची आवड असणाऱ्यांसाठी 'आविष्कार' आहे. ज्याला स्टेजची भीती वाटते, त्याने 'आविष्कार'मध्ये आपला छोटा प्रयोग मांडावा.

कमवा व शिका ही योजना आज राज्यातल्या अनेक विद्यापीठांत आणि कॉलेजांत आहे. ग्रंथालयात, कार्यालयात, प्रयोगशाळेत किंवा बागेत रोज काही तास काम करायचे आणि तासाप्रमाणे मानधन घ्यायचे. घरून पैसे मागायला संकोच वाटणाऱ्या मुलांसाठी हा मोठा आधार आहे. त्यात कमीपणा काही नाही.

आता एक महत्त्वाची नवी गोष्ट. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमांची जी नवी रचना झाली, तिच्यात एन.सी.सी., राष्ट्रीय सेवा योजना, क्रीडा, योग, कला अशा सह-अभ्यासक्रमांना स्वतंत्र श्रेयांक दिलेले आहेत. म्हणजे जे कालपर्यंत 'वरचे' होते, ते आता गुणपत्रिकेत आले आहे. "मार्क महत्त्वाचे, बाकी नंतर" असे म्हणणाऱ्यांनी, माझ्यासकट, हे ध्यानात घ्यावे.

शंका खऱ्या आहेत

त्या वडिलांच्या शंका मी हसण्यावारी नेल्या नाहीत. मुलीच्या काळजीत बसलेल्या आईबापाला मागासलेले म्हणणे सोपे असते. रात्री तिची वाट बघणे त्यांनाच करावे लागते. शिवाय सगळेच उपक्रम चांगले असतात असेही नाही. काही ठिकाणी शिबिर नुसते फोटोपुरते असते. काही मुले उपक्रमांच्या नावाखाली तास बुडवतात आणि ७५ टक्के हजेरी भरत नाही म्हणून परीक्षेच्या वेळी रडत बसतात. वर्षात एक किंवा दोन गोष्टी निवडाव्यात आणि त्या मनापासून कराव्यात. सगळीकडे नाव देणारा कुठेच काही शिकत नाही.

पण शंका असणे वेगळे आणि न विचारताच 'नाही' म्हणणे वेगळे. शंका असेल तर विचारावे. आम्ही दोघांनी त्या रविवारी चहा घेता घेता प्रश्नांची एक यादीच केली:

सोबत कोणते प्राध्यापक आहेत? मुली असतील तर महिला प्राध्यापक पूर्ण वेळ, रात्रीही, मुक्कामाला आहेत का? त्यांचा फोन नंबर मिळेल का?

मुलींची राहण्याची जागा कुठे आहे? स्वच्छतागृहाची आणि पाण्याची सोय काय?

जेवण कोण बनवते? शाकाहारी आहे का? (बहुतेक शिबिरांत ते शाकाहारीच असते, त्यामुळे आपल्या मुलांचा प्रश्न आपोआप सुटतो.)

नमाजासाठी थोडा वेळ आणि एक कोपरा मिळेल का? हे आधी सांगितले तर अडचण येत नाही, असा माझा अनुभव आहे. न सांगता मुलांनी संकोचत राहणे बरे नाही.

आजारी पडले तर काय? जवळचा दवाखाना किती लांब आहे?

आणि शेवटचे म्हणजे, कॉलेजची अंतर्गत तक्रार समिती कोणती आणि तिच्यात कोण आहेत, हे मुलीला माहीत आहे का? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार अशी समिती प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत असलीच पाहिजे. रॅगिंगविरुद्धचे नियम २००९ पासून आहेत. हक्क माहीत असलेली मुलगी जास्त सुरक्षित असते.

यादी घेऊन ते दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून कॉलेजात गेले. कार्यक्रम अधिकारी असलेल्या प्राध्यापिकेने एकेका प्रश्नाचे उत्तर दिले. शेवटी ती म्हणाली म्हणे, "चाचा, असं विचारायला फार थोडे पालक येतात. तुम्ही शिबिर बघायलाच या ना एक दिवस."

मुलाच्या बाबतीत हे सगळे प्रश्न आपण विचारत नाही, हेही इथे सांगितले पाहिजे. मुलगा रात्री अकराला येतो, तेव्हा तो कुठे होता हे आपल्याला माहीत नसते. आणि मुलगी प्राध्यापिकेच्या सोबत, कॉलेजच्या शिक्क्याच्या कागदावर सात दिवस जाणार असेल, तर घरात मजलिस बसते. मुलाच्या रिकाम्या संध्याकाळी मला मुलीच्या शिबिरापेक्षा जास्त काळजीच्या वाटतात. त्यालाही कुठल्या तरी मैदानावर, मंडळात, शिबिरात घाला.

त्या कागदाचे पुढे काय झाले

सही झाली. मुलगी शिबिराला गेली. तिसऱ्या दिवशी वडील स्कूटर काढून, कुणाला न सांगता त्या खेड्यात जाऊन पोचले. मुले पाझर तलावाचा गाळ काढत होती. त्यांची मुलगी ओढणी कमरेला बांधून घमेल्यांच्या रांगेत उभी होती. तिने त्यांना पाहिले, हात हलवला आणि पुढचे घमेले घेतले. दुपारी त्यांनी मुलांच्या पंगतीत बसून आमटी-भात खाल्ला. परत निघताना शाळेच्या फाटकाचे एक बिजागर तुटलेले त्यांच्या नजरेस पडले.

शेवटच्या दिवशी मुलीला आणायला गेले, ते टेम्पोत वेल्डिंगचे मशीन घालूनच. फाटक बसवून होईपर्यंत समारोप सुरू झाला होता. पाहुण्यांची भाषणे झाली आणि आभार मानायला त्यांची मुलगी उभी राहिली. सरपंच, ग्रामस्थ, मुख्याध्यापक, स्वयंपाकाला मदत करणाऱ्या मावश्या, सगळ्यांची नावे तिने कागद न बघता घेतली. त्यांनी मला हे सांगितले तेव्हा त्यांचा आवाज जरा बदलला होता. "मॅडम, घरात ती एवढी कधी बोलत नाही. मला वाटायचं, तिला बोलायला येत नाही."

आपल्या मुलांचा आवाज आपण घरातल्या घरात ऐकतो, आणि तेवढाच तो आहे असे समजतो. तो मोठा व्हायला जागा लागते. ती जागा कॉलेज आणि विद्यापीठ देते. पण ती मिळते तास संपल्यावर, आणि ती वापरायची परवानगी आपल्या सहीत असते.

ज्या मुलीला मी घाईने सल्ला दिला होता, तिला मी मागच्या वर्षी आमच्या शाळेत बोलावले. आता ती दर शनिवारी आठवीच्या मुलींना विज्ञानाचे प्रयोग करून दाखवते. पहिल्या शनिवारी तिचे हात थरथरत होते. आता मुलींना गप्प बसवायला ती माझ्यापेक्षा कमी ओरडते. तालीम उशिराही सुरू करता येते. पण उशीर माझ्यामुळे झाला, हे मी तिला सांगितले. ती हसली आणि म्हणाली, "मॅडम, मग आता तुमच्या वर्गातल्या मुलींना अडवू नका."

गेल्या महिन्यात ते वडील पुन्हा आले होते. मुलीचे नाव या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत आहे. खिशातून तसाच घडी घातलेला कागद निघाला. या खेपेला मात्र त्यावर त्यांची सही आधीच झालेली होती. ते विचारायला आले नव्हते, सांगायला आले होते.